भूमिका उभी राहते ती पायांवर

एका एकांकिका स्पर्धेचा निकाल लागल्यावर परीक्षक आणि स्पर्धक यांची खुली चर्चा ठेवली होती. ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, "आजची मुलं रंगमंचावर कसरती करतात, पण एक वाक्य अर्थासकट बोलता येत नाही." पहिल्या आलेल्या एकांकिकेचा तरुण दिग्दर्शक उठून म्हणाला, "सर, शब्दांचं नाटक संपलं. आता शरीराचं नाटक आहे." दोन्ही वाक्यांना सारख्याच टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. अभिनेत्याला हालचालींचं शिक्षण द्यावं का, त्यानं भूमिका घडते का, हा प्रश्न आपल्याकडे आता दोन घोषणांत वाटला गेला आहे. एका बाजूला तो 'पीटीचा तास' ठरतो, तर दुसऱ्या बाजूला 'बॉडी वर्क' हा शब्द उच्चारला की काम झालं असं मानलं जातं. भूमिका कशी घडते, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. शरीराचं शिक्षण ही संहितेला पर्याय म्हणून आणायची गोष्ट नाही. संहिता वाचण्याचीच ती एक रीत आहे, आणि दिवाणखान्यातलं वास्तववादी नाटक करणाऱ्या नटाला तर तिची गरज सगळ्यांत जास्त आहे. शिक्षण नसलेलं शरीर कोरं असतं आणि म्हणून ते प्रामाणिक असतं, ही समजूत मला साफ चुकीची वाटते. ते शरीर आधीच शिकलेलं असतं. घरानं, जातीनं, शाळेच्या बाकानं, पाहिलेल्या सिनेमांनी त्याला शिकवून ठेवलेलं असतं. नटानं वेगळं काही शिकलं नाही, तर प्रत्येक भूमिकेत तेच जुनं शिक्षण बोलत राहतं.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. आपण भूमिका 'उभी' करतो. सवय झाली की ती 'अंगवळणी' पडते, गुण 'अंगी बाणतो'. आणि सरावाला आपण म्हणतो तालीम. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला या शब्दाचे दोन अर्थ वेगळे काढणं अवघड जातं, कारण इथं पैलवान घुमतात तीही तालीम आणि नाटक बसतं तीही तालीम. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान आणि पॅलेस थिएटर पाठीला पाठ लावून बांधलं. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ऑगस्ट २०२४मध्ये आगीत होरपळलं. त्या आवारात लहानपणी मी एका बाजूनं शड्डूचा आवाज ऐकला आहे आणि दुसऱ्या बाजूनं तिसरी घंटा. ही दोन कामं एकमेकांपासून इतकी लांब आहेत असं आपल्याला नेमकं कधीपासून वाटू लागलं?

त्याला इतिहास आहे. ५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार गाई आणि पात्रं भाषण बहुतेक आयत्या वेळी रचत. राक्षस आरोळ्या ठोकत, उड्या मारत, तलवारीचे हात करत येत. पुढे शिकलेल्या मंडळींनी अशा नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं. १८६१च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून लिहून छापलेल्या, 'बुकिश' नाटकांचा काळ सुरू झाला. मराठी रंगभूमीचं त्यात भलंच झालं, हे मी मनापासून मानतो. पण त्याच झटक्यात आपण एक वाटणीही करून टाकली. शब्द गेला शिकलेल्यांकडे, शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहात. शरीर राहिलं तमाशाच्या फडात, कोकणातल्या दशावतारात, गोंधळ्याकडे, वाघ्या-मुरळीकडे. फडात नाचणाऱ्या, सोंगाड्याचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या जाती कोणत्या होत्या, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे 'नाटकात अंगविक्षेप नकोत, भारदस्त शब्द हवेत' या आवडीकडे मी निव्वळ कलेतली आवड म्हणून बघू शकत नाही. तिच्यात कुणाचं अंग सभ्य आणि कुणाचं असभ्य याचा एक जुना निवाडाही मिसळलेला आहे.

आता मला हे जिथं शिकायला मिळालं तो प्रसंग सांगतो. आमच्या गटानं ऊसतोड कामगारांवर एकांकिका बसवली. मुख्य भूमिका करणारा मुलगा हुशार आणि वाचणारा होता. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे कसे फिटतात, मजुरांची टोळी आणणारा मुकादम कसा फसवतो, नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' का म्हणतात, सगळं त्यानं टिपून काढलं होतं. पहिल्या वाचनात आमच्या डोळ्यांत पाणी आलं. उभं राहून काम सुरू झालं आणि पंधरा दिवस ते बिघडतच गेलं. तो खांदे पाडून, मान खाली घालून, गुडघ्यात वाकून उभा राहायचा. हात सारखे जोडायला निघाल्यासारखे छातीशी. आवाज रडवेला. हे शरीर त्याला कुणी शिकवलं होतं? मी नव्हतं शिकवलं. सिनेमातला, मालिकेतला, आधीच्या पन्नास एकांकिकांतला 'गरीब माणूस' त्याच्या अंगात आयता बसलेला होता.

दसऱ्यानंतर टोळ्या आल्या तसे आम्ही उसाच्या फडात गेलो. कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या आसपास, सरींत चार दिवस नुसते पाहत होतो, नंतर परवानगी घेऊन हात लावला. डाव्या हातानं ऊस कवळायचा, बुडख्यातून तोडायचा, पाचट काढायचं, शेंडा मारायचा. मग मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं. वाकलेला माणूस मोळी वाहू शकत नाही! मान सरळ लागते, पाठीचा कणा सरळ लागतो, पावलं छोटी पण नेमकी पडतात. डोक्यावर भार असताना मान वळवता येत नाही, बघायचं झालं तर अख्खं अंग वळवावं लागतं. आम्ही तालमीच्या हॉलमध्ये वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या आणल्या आणि रोज अर्धा तास तो मुलगा चुंबळ ठेवून फक्त चालला, वळला, भार उतरवला, परत उचलला. संवाद नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुकादमाचा प्रवेश घेतला. "मुकादम, उचल फिटली न्हाई व्हय अजून?" ही ओळ तो आधी गयावया करत म्हणायचा. त्या दिवशी त्यानं आधी डोक्यावरची मोळी टाकली, मग पायापासून सगळं अंग मुकादमाकडे वळवलं आणि दमलेल्या श्वासातून जेवढं निघेल तेवढंच बोलला. ओळीतला एकही शब्द बदललेला नव्हता. पण ती विनवणी राहिली नव्हती, तो जाब झाला होता. मुकादमाचं काम करणारा मुलगा नकळत एक पाऊल मागं सरला. लेखकानं ओळ लिहिली होती ती अशीच, हे मला तेव्हा कळलं, आणि मी ती संहिता निदान तीस वेळा वाचली होती. पुढच्या प्रवेशात तो फसला, हेही सांगायला हवं. कोपीतल्या अंधारात बायकोशी बोलतानाही त्याच्या मानेवरून ती मोळी उतरेना. भार गेल्यावर तेच शरीर कसं सैल पडतं, याचा शोध घ्यायला आणखी आठ दिवस गेले.

मार्सेल मोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञानं १९३४ साली शरीराच्या तंत्रांवर एक व्याख्यान दिलं, त्यात एक साधं निरीक्षण आहे. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात आजारी पडलेला असताना तिथल्या परिचारिकांची चाल त्याला ओळखीची वाटली. ती त्यानं सिनेमात पाहिली होती. पॅरिसला परतल्यावर तिथल्या मुलीही तशाच चालताना दिसल्या. आपण चाल नैसर्गिक मानतो आणि ती मात्र समुद्र ओलांडून पडद्यावरून येते. पडदा नव्हता तेव्हाही आपल्याकडे हे होतच होतं. बालगंधर्वांचं नऊवारी नेसणं, गजरा माळणं त्या काळच्या बायका उचलत होत्या. म्हणजे एका पुरुषानं तालमीतून कमावलेलं स्त्रीचं अंग घराघरांतल्या स्त्रियांच्या अंगवळणी पडत होतं. तरीही आपण म्हणायचं, की नटानं 'सहज' राहावं, अंगाचा विचार करू नये? सहज म्हणजे कुणासारखं?

नाट्यशास्त्राचा दाखला या वादात दोन्ही बाजू देतात. भरतानं आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (भावाचा) असा चारही अंगांचा अभिनय सांगितला, एवढं म्हणून आपण थांबतो. गतिप्रचाराचा अध्याय पुढे वाचावा. कोणतं पात्र कसं चालेल याची तिथं तपशीलवार मांडणी आहे, आणि उत्तम पात्रांच्या दोन पावलांत चार ताल (ताल म्हणजे साधारण एक वीत) अंतर, मध्यमांच्या दोन, अधमांच्या एकच, असा हिशेबही आहे. निरीक्षणाची ती ताकद थक्क करणारी आहे, पण ती श्रेणीही त्याच पानावर आहे. खालच्या माणसाचं पाऊल आखूड. आमचा मुलगा वाकून, अंग चोरून उभा राहत होता तेव्हा तो, न वाचता, हाच नियम पाळत होता. म्हणून हालचालींचं शिक्षण म्हणजे ठरलेल्या चालींचा नवा संच पाठ करणं, असं मी समजत नाही. नटाच्या अंगात बसलेला जुना संच त्याला दाखवून देणं, हे त्याचं पहिलं काम आहे.

आता आक्षेपांकडे येतो. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला आक्षेप आपल्या थोर नटांचा. गणपतराव जोशी, बालगंधर्व, निळू फुले, डॉ. श्रीराम लागू यांनी कुठं 'मूव्हमेंट'चे वर्ग केले होते? वर्ग केले नव्हते, हे खरं. पण जुन्या नाटक मंडळीचं बिऱ्हाड काय होतं ते आठवा. पोरगा कंपनीत यायचा, आणि उठणं-बसणं, नेसणं, गाणं, पडेल ते काम करणं आणि रात्री विंगेत उभं राहून मोठ्या नटांना पाहणं यांतच त्याची वर्षं जायची. चोवीस तासांची ती शाळाच होती. आजचा नट दिवसभर संगणकासमोर बसून रात्री साडेआठला तालमीला येतो, अकराला शेवटची बस गाठतो आणि महिन्याभरात प्रयोग करतो. त्याची तुलना बिऱ्हाडात वाढलेल्या नटाशी कशी करायची? निळू फुल्यांनी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं, सेवा दलाच्या कलापथकातून महाराष्ट्र पालथा घातला. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'मध्ये ते उभे राहिले तेव्हा त्या उभं राहण्यात हे सगळं होतं. जगण्यानं शरीर घडतं, हे मी पूर्ण मान्य करतो. पण एक जगणं एका प्रकारच्या माणसांची ओळख करून देतं. नटाला मात्र जे जगणं वाट्याला आलं नाही, त्यातली माणसं उभी करायची असतात.

डॉ. लागूंचं नाव घेऊन जो युक्तिवाद होतो तो अधिक खोल आहे. १९७०च्या 'नटसम्राट'मधली ती स्वगतं, तो आवाज. मराठी नाटक हे बोलण्याचं नाटक आहे, वाचिक अभिनय हाच त्याचा कणा, असं म्हणतात. खरं आहे, आणि आज वाचिकाची जी हेळसांड चालली आहे तिनं मलाही त्रास होतो. शब्दाचा शेवटचा स्वर गिळणारी, 'ण' आणि 'न' यात फरक न करणारी, मायक्रोफोनच्या भरवशावर पुटपुटणारी पिढी आपण घडवली आहे. पण आवाज येतो कुठून? पोटाच्या पडद्यातून, बरगड्यांतून, मोकळ्या जबड्यातून. लांब स्वगत पेलायचं ते श्वासावर. रुडॉल्फ लाबान या नृत्य-अभ्यासकानं हालचालींचं वर्गीकरण करताना वजन, वेळ, दिशा यांच्या जुळणीतून आठ मूळ क्रिया सांगितल्या: ढकलणं, दाबणं, पिळणं, झटकणं, टिचकी मारणं, टिपणं, सरकणं, तरंगणं. मी मुलांना 'येतो मी' एवढंच वाक्य देतो आणि ते या क्रिया करत करत बोलायला लावतो. समोरच्या भिंतीला दोन्ही हातांनी दाबत 'येतो मी' म्हटलं, की घर सोडून कायमचा जाणारा मुलगा दिसतो. टिचकी मारत म्हटलं, तर कोपऱ्यावर चहाला निघालेला. मग हात खाली घ्यायला सांगतो आणि क्रिया फक्त आवाजात ठेवायला सांगतो. वाचिक आणि आंगिक यांच्यातलं भांडण त्या खोलीत शिल्लक राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की भावना आतून येते, शरीर तिच्यामागून येतं. बाहेरून सुरुवात केली की नुसता आकार हाती लागतो. या बाजूचे लोक रशियन अभिनयगुरू स्तानिस्लाव्हस्कीचं नाव घेतात, आणि इथं एक ऐतिहासिक अपघात समजून घेण्यासारखा आहे. त्याच्या शिकवणुकीचा पहिला भाग, कल्पनाशक्ती आणि भावनास्मृती (स्वतःची जुनी भावना आठवून भूमिकेत आणणं) यांच्यावर भर असलेला, इंग्रजीत १९३६ साली आला. शरीर, आवाज, लय यांच्यावरचा दुसरा भाग आला थेट १९४९मध्ये. तोवर अमेरिकेनं अर्ध्या गुरूवर पूर्ण पंथ उभा केला, आणि आपल्याकडच्या बऱ्याच अभिनयवर्गांनी तो तिथून उचलला. १९३४ साली अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर पॅरिसमध्ये त्याला प्रत्यक्ष भेटून आली आणि तो आता भावनास्मृतीपेक्षा परिस्थिती आणि कृती यांच्यावर भर देतो असं तिनं सांगितलं, तेव्हा लोक चिडले. अखेरच्या वर्षांत तो शारीरिक कृतींच्या पद्धतीनं मोलिएरच्या 'तार्त्यूफ' नाटकाच्या तालमी घेत होता. पात्र या क्षणी काय करतं ते आधी करून बघा, भावना त्या वाटेनं येईल, असं ते सूत्र होतं.

आणि त्याचा कट्टर विरोधक म्हणून ज्याला उभं केलं जातं, तो रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड? बायोमेकॅनिक्स या शारीरिक अभिनयपद्धतीचा जनक, नटाला दगड फेकण्याचे, धनुष्य ताणण्याचे नेमके व्यायाम देणारा. जानेवारी १९३८मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्याचं नाट्यगृह बंद केलं, तेव्हा कुणी जवळ येईना, आणि आजारी, पंचाहत्तरीला आलेल्या स्तानिस्लाव्हस्कीनं त्याला आपल्या ऑपेरा नाट्यगृहात काम दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्तानिस्लाव्हस्की गेला. पुढच्या वर्षी मेयरहोल्डला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४०मध्ये गोळी घालण्यात आली. 'आतून बाहेर की बाहेरून आत' हे ज्यांच्या नावानं चाललेलं भांडण आहे, ते दोघे शेवटी एका छपराखाली होते. आपण त्यांच्या नावानं अजून किती वर्षं भांडणार?

विज्ञानाच्या बाबतीत मात्र माझ्याच बाजूला थोडं सावध करायला हवं. 'चेहरा हसरा केला की मन हसतं, हे सिद्ध झालंय' असं कार्यशाळांतून सर्रास सांगितलं जातं. दातांत पेन धरून नकळत हसरा चेहरा करायला लावणारा तो प्रसिद्ध प्रयोग १९८८चा. २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम सापडला नाही. नंतरच्या एका मोठ्या, अनेक देशांत झालेल्या अभ्यासात भाव हुबेहूब चेहऱ्यावर आणल्यास थोडा फरक पडतो असं दिसलं, पण पेनाच्या युक्तीबद्दल ठोस काही हाती आलं नाही. म्हणजे अंग हलवलं की भावना आपोआप उगवते, असं छातीठोक सांगण्याजोगा पुरावा नाही. माझा युक्तिवाद त्यावर उभाही नाही. नटाला काय वाटलं यापेक्षा प्रेक्षकाला काय दिसलं, हे नाटकात मोजलं जातं. १९४९ साली बर्लिनमध्ये हेलेन वायगेलनं ब्रेख्तच्या नाटकातली 'मदर करेज' केली. मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज येतो, आणि ओरडता येत नाही, कारण तो आपला मुलगा आहे हे लपवायचं आहे. तिनं मान मागं टाकली, तोंड पूर्ण उघडलं आणि आवाज काढला नाही. त्या क्षणी वायगेलला आतून किती दुःख होत होतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ते उघडं तोंड आज छायाचित्रात पाहिलं तरी मला बसल्या जागी हलता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत योग्य वाटतो आणि तो त्या ज्येष्ठ परीक्षकांचाच आहे: या शिक्षणातून सगळे नट सारखे दिसू लागलेत. कुठलीही स्पर्धा बघा. काळे कपडे, दहा मुलं, ती झाड होतात, दार होतात, रेल्वेचा डबा होतात, शेवटी एकावर एक चढून मनोरा. प्रेक्षकांतून शिट्ट्या. पात्र एकही नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण याचं मूळ ज्या प्रयोगात शोधलं जातं, त्या १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'कडे नीट पाहा. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नृत्यदिग्दर्शक कृष्णदेव मुळगुंद यांनी माणसांचा पडदा केला तो सफाई दाखवण्यासाठी नव्हे. ती डोलणारी ब्राह्मणांची रांग स्वतःच एक पात्र होती. ती झाकत होती, आणि झाकताना भजन म्हणत होती. त्या रांगेचं डोलणं काढून टाकलं तर नाटकाचा अर्थच जातो. आजच्या बहुतेक एकांकिकांतला मनोरा काढला तर काय जातं? हा प्रश्न परीक्षकांनी विचारावा आणि त्यावर गुण कापावेत. शरीराचं शिक्षण बंद करण्याचं ते कारण मात्र होऊ शकत नाही. वाईट स्वगतं लिहिली जातात म्हणून आपण लिहिणं थांबवलं नाही.

याला जोडूनच उसनवारीचा प्रश्न येतो. दोन दिवस केरळची युद्धकला कलरीपयट्टू, एक दिवस पूर्वेकडचं छाऊ नृत्य, संध्याकाळी मणिपूरची थांग-ता, रविवारी प्रमाणपत्र. कथकलीच्या विद्यार्थ्याचं अंग लहान वयापासून, पावसाळ्यात तेल लावून पायांनी मालीश करत, वर्षानुवर्षं घडवलं जातं. त्याचा एक तुकडा उचलून सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यात ठेवला तर तो हास्यास्पदच दिसणार. वीणापाणी चावला यांनी १९८१ साली मुंबईत आदिशक्ती ही नाट्यसंस्था सुरू केली, पुढे पुदुच्चेरीला नेली आणि कूडियाट्टम हे केरळचं संस्कृत नाट्य, कलरी, छाऊ यांच्यावर इतकी वर्षं घातली, की त्यातून त्यांच्या नटांची स्वतःची भाषा तयार झाली. ज्याला वर्षं द्यायची नाहीत त्यानं आपल्या आसपास बघावं. मल्लखांब आहे, दशावतारी नट आहेत, कुंभाराचं चाक आहे, मासळी बाजार आहे. आणि दिग्दर्शक हबीब तन्वीरांची कबुली लक्षात ठेवावी. छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातल्या कलावंतांना त्यांनी सुरुवातीला हिंदी संवाद आणि आखून दिलेल्या जागा यांत बांधलं आणि ते नट मिटून गेले. त्यांची बोली आणि त्यांचं हलणं त्यांना परत दिलं, तेव्हा ते फुलले. शिकवणाऱ्याला समोरच्याच्या अंगात आधीच काय आहे हे दिसत नसेल, तर त्यानं शिकवू नये.

एक गोष्ट मी स्वतःच्या गुडघ्यासकट सांगतो. तिशीत असताना एका कार्यशाळेत 'नट तुटल्याशिवाय घडत नाही' असं म्हणत आम्हाला कडक फरशीवर तासभर बेडूकउड्या मारायला लावल्या. माझा उजवा गुडघा तेव्हापासून दुखतो. त्याच कार्यशाळेत मुलींना न विचारता त्यांच्या पाठीला, कमरेला हात लावून 'दुरुस्ती' केली जात होती, आणि आम्ही कुणीही बोललो नाही. याची लाज मला अजून वाटते. शरीराशी काम म्हणजे माणसाशी काम. हात लावण्याआधी विचारायचं, 'नको' म्हटलं की थांबायचं, आणि दुखतंय म्हणणाऱ्याला भित्रा म्हणायचं नाही. ज्या शिक्षकाला हे पाळता येत नाही, त्याच्याविरुद्ध ज्येष्ठांनी जे काही म्हटलं ते सगळं खरं आहे.

मग मी मागतोय काय? फार थोडं. हालचाल शिकवणारा माणूस शेवटच्या आठवड्यात 'कॉम्पोझिशन बसवायला' न येता पहिल्या वाचनाला बसावा. वाड्यातली सून करणारी मुलगी जीन्सवर तालमी करून रंगीत तालमीला पहिल्यांदा नऊवारी नेसते, हे बंद व्हावं. काष्टा घातल्यावर पाऊल वेगळं पडतं, डोक्यावरचा पदर सावरताना मान वेगळी राहते, आणि त्या मानेतूनच सासऱ्याशी बोलायचं वाक्य निघतं. विद्यापीठांच्या नाट्यविभागांत रोजचा एक तास दोन-तीन वर्षं सलग या कामाला मिळावा, आठवड्याची कार्यशाळा नको. त्या तासात पहिले कित्येक दिवस मुलांनी फक्त स्वतःची चाल ओळखावी. कुणी नाकानं चालतं, कुणी छातीनं, कुणाचं पोट आधी खोलीत शिरतं, कुणी एका खांद्यावर अजून दप्तर घेऊनच चालतं. जाक लकोक हा फ्रेंच नाट्यशिक्षक आपल्या पॅरिसच्या शाळेत नटाच्या चेहऱ्यावर कोरा मुखवटा चढवायचा तो यासाठीच. चेहरा झाकला की अंग उघडं पडतं. आमच्याकडे चामड्याचा मुखवटा नाही. आम्ही पांढरा पंचा बांधतो, काम होतं.

त्या तरुण दिग्दर्शकाला मी फोन केला होता. त्याची पुढची एकांकिका एका निवृत्त एसटी कंडक्टरवर आहे. सुरुवातीला मनोरा आहे का, विचारलं. आहे म्हणाला. मग विचारलं, तीस वर्षं हलत्या गाडीत दोन्ही हात सोडून तिकिटं फाडलेला माणूस घरात, न हलणाऱ्या फरशीवर, कसा उभा राहत असेल? तो बराच वेळ गप्प होता. परवा त्याचा निरोप आला. तो आणि त्याचा नट सध्या रोज सकाळच्या पहिल्या गाडीनं गारगोटीला जाऊन येतात. जागा मिळाली तरी बसत नाहीत.